जीपच्या कपाळावरचं झाकण

वडील गेले त्या वर्षी भावानं मला विचारलं, “तुला काय पाहिजे ते आत्ताच सांग, नंतर बोलायला नको.” मी म्हणाले, “जीप.” जमलेल्या मंडळींपैकी कुणाला तरी हसू फुटलं आणि ते त्यानं खोकल्यात दडपलं. बाईमाणसानं फार तर आईच्या पाटल्या मागाव्यात, शेताचा एखादा तुकडा मागावा. जीप कसली मागते! आणि तीही ही जीप. रंग विटलेला, एक दार दोरीनं बांधलेलं, आत बसलं की माणूस उकडून निघावा अशी. भावाला मात्र सुटल्यासारखं झालेलं स्पष्ट दिसत होतं. निरगुडसरचं शेत त्याच्याकडे राहिलं आणि जीप मी नारायणगावात माझ्या दारासमोर आणून उभी केली. वर्षभरानं आईही माझ्याकडेच राहायला आली.

ही जीप माझ्याहून मोठी. वडिलांनी ती लष्कराच्या लिलावातून आणली होती. शेताला उपयोगी पडेल, असं ते सगळ्यांना सांगायचे. खरं कारण एवढंच होतं की लग्नानंतर आईला प्राथमिक शिक्षिकेची नोकरी लागली ती थेट आहुप्याला. निरगुडसर तालुक्याच्या या टोकाला आणि आहुपे त्या टोकाला, पार कड्याच्या काठावर. एसटी अर्ध्या वाटेत सोडायची, पुढे दगडधोंड्यांतून चालत. बायको शनिवारी घरी यावी आणि सोमवारी शाळेत वेळेवर पोचावी, एवढ्यासाठी त्या माणसानं जीप घेतली आणि जन्मभर ते कबूल केलं नाही.

आठवडाभर आई आहुप्यात एका घरी राहायची. त्या घरातली बाई आईहून सात-आठ वर्षांनी मोठी. आई तिला आक्का म्हणायची, मी मावशी म्हणायचे, आणि ती आईला शेवटपर्यंत ‘बाई’च म्हणत आली, शाळेतल्या पोरांसारखं. मी झाल्यावर आई शाळेत शिकवायची आणि मावशी मला पाठीशी बांधून हिरडे वाळत घालायची. मला त्यातलं काही आठवत नाही. आठवतो तो फक्त हिरड्यांचा तुरट वास, आणि तोही खरंच आठवतो की नंतर ऐकून ऐकून तयार झालाय, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आईला गाडी लागते. लागते म्हणजे काय, तर गाडीच्या नुसत्या कल्पनेनं तिचं तोंड कडू होतं. आवळासुपारी झाली, लिंबू हुंगून झालं, पोटाला वर्तमानपत्र बांधून झालं. एसटीत खिडकीची जागा तिच्यासाठी लोक आपणहून सोडायचे, त्यात त्यांचाही फायदा होता. एका जीपमध्येच तिला काही व्हायचं नाही. तेव्हा जीपला कापडी हूड होतं, बाजू उघड्या. आई पुढे बसून पदर घट्ट खोचायची आणि वारा तोंडावर घेत जायची.

पुढे जीपला आमच्याच घरादारानं छळलं. टोमॅटोची क्रेट भिजू नयेत म्हणून वडिलांनी हूड काढून डोक्यावर पत्र्याची बॉडी बसवून घेतली. पेट्रोल परवडेना म्हणून डिझेलचं इंजिन आलं. त्या दिवसापासून जीपची भट्टी झाली. वरून पत्रा तापायचा, खालून इंजिन. गिअरच्या दांड्याच्या भोकातून गरम वाफ वर यायची आणि धुराचा वास कपड्यांत बसायचा. माझ्या लहानपणाच्या उन्हाळ्याचा वास आंब्याचा नाही, डिझेलचा आहे. वडील ओला पंचा मानेवर टाकून गाडी चालवायचे. उजव्या पायाच्या चपलेखाली त्यांनी गोणपाटाची घडी ठेवलेली असायची, नाहीतर तळवा भाजायचा.

मी दहावीत असताना एकदा फार चिडले होते. ओतूरहून येत होतो, माझा गणवेश पाठीला चिकटला होता. म्हटलं, “बाबा, एवढ्या जीपला समोरून वारा यायला एक भोक असू नये?” ते म्हणाले, “असतं एखादीला.” मी म्हटलं, “मग आपल्याला का नाही?” तर काही न बोलता त्यांनी गिअर बदलला. मला त्यांचा तो गप्पपणा म्हणजे कंजूषपणा वाटायचा. गरम होतंय ते सहन करा, पण खिशात हात घालायचा नाही, असा. हे मी त्यांना तोंडावर बोलूनही दाखवलं होतं, दोनदा.

हट्टी होते यात वाद नाही. एकदा मंचरच्या बाजारात एका ओळखीच्या माणसानं त्यांच्या हातात बैलाचा कासरा दिला. “जरा धरा, आलोच,” म्हणून तो गेला आणि कुठंतरी जेवायला बसला. बाजार उठत आला तरी वडील उन्हात कासरा धरून उभे. मी रडकुंडीला आले. म्हटलं, “त्या खांबाला बांधा ना!” ते म्हणाले, “बांधा म्हणाला नाही तो. धरा म्हणाला.” असल्या माणसापुढे काय बोलणार?

यंदा चैत्रात मावशीच्या नातवाचा आईला फोन आला. आजी आता फारशी उठत नाही, दिसतही कमी, पण बाईंची आठवण काढते. एवढंच तो बोलला. फोन ठेवल्यावर आई म्हणाली, “मला आहुप्याला ने. पाऊस सुरू झाला की तिकडं धुकं बसतं, मग दसऱ्यापर्यंत राहिलंच. आणि तेवढे दिवस ती थांबेल असं मला वाटत नाही.” याआधी आईनं माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. म्हणून मी लगेच हो म्हणाले.

पहिल्यांदा नवऱ्याच्या गाडीतून निघालो. एसी, गुबगुबीत सीट, आणि नव्या प्लॅस्टिकचा तो वास. मंचरच्या पुढे आईनं मला हात लावला, तेव्हा तिचा हात गार पडला होता. काचा उघडल्या, सावकाश चालवली, तरी घोडेगावच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला ती जी बसली ती उठेचना. पुढची घाटवळणं तर अजून यायची होती. आम्ही परत फिरलो. येताना ती डोळे मिटून म्हणाली, “जीपमध्ये काही होत नव्हतं मला.” नवरा म्हणाला, “तेव्हाची जीप होती ती. आता त्या जीपमध्ये मलाच उलटी होते.” तो खरं तेच बोलत होता, म्हणून मला त्याचा जास्त राग आला.

मी मनाशी ठरवलं की जीपमध्ये हवा खेळती करायची आणि पावसाच्या आत आईला मावशीपर्यंत पोचवायचं. आणि मला सगळं कळतं, हा माझा जुना आजार. बाजारपेठेतल्या दुकानातून मी बॅटरीवर चालणारा एक चांगला दणकट पंखा आणला आणि मागच्या दाराच्या पत्र्याला गोल भोक पाडून तो बाहेर तोंड करून बसवला. हिशोब सरळ होता. आतली गरम हवा पंखा बाहेर ओढणार, जीप गार होणार. सोसायटीतल्या लोकांनी कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन नुसती वारूळवाडीपर्यंत चक्कर मारली, तर येताना आईनं पदरात तोंड खुपसलं होतं आणि माझेही डोळे चुरचुरत होते. पूर्वी धूर नुसता यायचा, आता मी त्याला पंखा लावून आत बोलावलं होतं. आई एवढंच म्हणाली, “राहू दे गं. फोनवर बोलीन मी तिच्याशी.” ते ऐकून मला रडू आलं. आणि मला रडू आलं की मी कुणावर तरी ओरडते, म्हणून मी पंख्यावर ओरडले.

त्याच आठवड्यात मी जीप डिंगोऱ्याला नेली. तिथल्या गॅरेजवाल्या मिस्त्रींचे वडील माझ्या वडिलांची जीप बघायचे. बॉडीही त्यांनीच बांधलेली. हे मिस्त्री आता साठीला आले. पंखा पाहून ते आधी पोट धरून हसले.

“ताई, कुनाची आयडिया?”

“माझी.”

“तरीच लई भारी बसवलाय,” असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं.

मग त्यांनी गॅरेजच्या देवापुढची पेटती उदबत्ती उचलली आणि मला म्हणाले, “बसा. गाडी चालवा सावकास, काचा बंद करून.” ते शेजारी उदबत्ती धरून बसले. त्यांची ही काम करायची पद्धत मी लहानपणी त्यांच्या वडिलांकडे पाहिली होती, पण तेव्हा मला वाटायचं की म्हातारा गाडीची पूजा करतोय. उदबत्तीचा धूर कुठून कुठे जातो ते मिस्त्री बघत होते. गिअरच्या दांड्याजवळ धरली, धूर उसळून वर आला. पायाशी धरली, तिथेही तसाच. मागे धरली, तर धूर पंख्याकडे ओढला जात होता.

“बघितलं का, ताई? तुमी आतलं वारं भाईर काडताय. पन आत यायला त्याला चांगली वाट कुटं ठिवलीय? मग त्ये गिअरच्या भोकातनं येतं, पायातनं येतं, सायलेन्सरचा धूर घिऊन येतं. वारं समोरून आलं पायजे, काचंच्या खालून. आन मागं वरून गेलं पायजे. पंख्याचं कामच न्हाई.”

मी म्हटलं, “मग पाडा समोर भोक.”

दोन दिवस काम चाललं. गिअरच्या दांड्याच्या भोकावर नवा रबरी बूट बसला. इंजिनाच्या आणि आमच्या मधल्या पत्र्याला वर्षानुवर्षं पडलेली भोकं बुजवली. सायलेन्सरची नळी मागून वळवून बाजूला काढली. पायाखाली लोकरीचा जाड नमदा आणि त्यावर पत्रा आला. माझ्या पंख्याचं भोक ठिगळ लावून बंद झालं, आणि छताच्या मागच्या कडेला, आतली हवा निघून जायला, एक बुटकी जाळी बसली. राहिलं समोरचं भोक. ते पाडायच्या आधी मिस्त्री काचेच्या खालचा, बॉनेटच्या मागचा पत्रा खरवडायला बसले.

तो पत्रा म्हणजे आमच्या जीपचं कपाळ. दर दसऱ्याला पूजा तिथेच व्हायची. माझ्या लहानपणी वडील तिथे कुंकवाचं स्वस्तिक काढायचे, नंतर ते काम माझ्याकडे आलं. कुंकू पुसलं जातं म्हणून मी एका वर्षी लाल ऑइलपेंटनंच काढलं आणि पुढे दर वर्षी त्यावरून ब्रश फिरवत राहिले. झेंडूची माळ तिथे, नारळ तिथे, तांदूळ तिथे. मिस्त्रींनी माझं स्वस्तिक खरवडलं तेव्हा मला जरा कसंतरीच झालं. स्वस्तिकाखाली हिरवा रंग निघाला, त्याखाली पुट्टी. पुट्टीखाली मिस्त्रींची पट्टी कशाला तरी अडली.

“ताई, हिकडं या. ह्ये बिजागरं हाय.”

भोक पाडायची गरजच नव्हती. वहीएवढं एक झाकण तिथे पहिल्यापासून होतं. आतून दांडा दाबला की ते वर उचललं जावं आणि वारा सरळ पुढच्या सीटवर यावा, अशी सोय लष्करानंच करून ठेवलेली. पण कडेनं डांबर ओतून, वर पुट्टी थापून, त्यावर रंग देऊन ते कुणीतरी पक्कं बंद केलं होतं. आणि मी त्या बंद खिडकीला पंचवीस-तीस वर्षं हळदकुंकू वाहत होते. मिस्त्रींनी डांबर कापून झाकण उचकटलं, तर आत काळ्या जाड कापडाचा बोळा ठासून भरलेला.

माझा पारा चढला. एवढी वर्षं आम्ही भाजून निघालो, आई त्या वासानं घाबरून गाडीत बसेनाशी झाली, आणि वाऱ्याची वाट इथे समोर होती! मी गॅरेजमध्ये सगळ्यांदेखत म्हणाले, “ज्यानं कुणी हे केलं त्याला काडीची अक्कल नव्हती.”

मिस्त्री हातातली पट्टी पुसत म्हणाले, “आमच्या म्हाताऱ्यानं केलंय, ताई. बॉडी बांधली तवा. मी व्हतो हितंच. म्हाताऱ्यानं तुमच्या वडलांना इचारलं व्हतं, ह्ये झाकन खोलून देऊ का, लई गरम व्हईल म्हनून. तर वडील म्हनले, ‘नाय. परवानगी नाय.’ आमाला वाटलं, आरटीओची.”

म्हणजे वडीलच. मी तो बोळा पिशवीत टाकला तो त्यांच्याशी भांडायच्या तयारीनं, जणू ते घरी वाटच बघत होते. परत येताना झाकण उघडं होतं. वारा काचेखालून आत शिरत होता, मांडीवरून, हातांवरून जात मागच्या जाळीतून निघून जात होता. धुराचा वास नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी बनकरफाट्यापासून घरापर्यंत वडिलांशी भांडत आले. तुम्हाला तळवा भाजलेला चालला, बायकोला ओकाऱ्या झालेल्या चालल्या, असं सगळं.

घरी आल्यावर मी तो बोळा आईसमोर वर्तमानपत्रावर टाकला. “हे बघ, तुझ्या नवऱ्याचे प्रताप.”

आईनं तो उलगडायला घेतला. डांबरानं कडा चिकटल्या होत्या. मधला भाग सुटला तेव्हा ती त्याच्यावरून बोटं फिरवायला लागली, पुन्हा पुन्हा, आणि मग म्हणाली, “अगं, ही तर आक्काची घोंगडी.”

मग तिनं सांगितलं ते असं. मी सव्वा वर्षाची होते. माघातली थंडी, आहुप्यातली. माझी छाती भरली आणि श्वासाला घुरघुर लागली. दोन दिवस काढे झाले. तिसऱ्या सकाळी वडील शनिवारचे म्हणून जीप घेऊन आले आणि माझ्याकडे पाहून उभ्या उभ्याच म्हणाले, चला, घोडेगावला दवाखान्यात. जीपच्या हुडाला पडदे बांधले, मला गुंडाळून आई पुढे बसली. पण काचेखालच्या त्या झाकणाची कडी तुटलेली. ते बसेचना. गाडी सुरू केल्याबरोबर धुक्याचा गार वारा सरळ आईच्या मांडीवर, माझ्या तोंडावर. वडिलांनी उपरणं कोंबलं, ते उडून आलं. तेव्हा मावशी घरात गेली, कोयता आणला आणि अंगावरची घोंगडी काढून तिथेच दोन तुकडे केले. एक तुकडा तिनं झाकणात असा ठासला की वाऱ्याची फुंकरसुद्धा आत येईना. तिच्याकडे ती एकच घोंगडी होती. राहिलेली थंडी तिनं अर्ध्या घोंगडीत काढली.

“आणि तुझ्या वडिलांना दम दिला,” आई म्हणाली. “म्हणाली, ‘ह्ये आता मी सांगीन तवाच काडायचं. तवर हात लावायचा न्हाई. पोरीच्या छातीला वारं लागलं तर याद राखा.’ हे म्हणाले, ‘बरं.’”

मी बरी झाले. जूनमध्ये आईची बदली निरगुडसरला झाली. आहुप्याला जाणं वर्षा-दोन वर्षांनी, सणावारी, मग तेही कमी झालं.

“मला वाटलं, ते त्यांनी कधीच काढलं असणार,” आई म्हणाली. “मी कशाला बघतेय? पण एक सांगू? आम्ही आहुप्याला गेलो की निघताना हे दर वेळी जीपला टेकून उभे राहायचे आणि आक्काला विचारायचे, ‘काय सांगायचं राहिलंय का?’ ती म्हणायची, ‘न्हाई, काय न्हाई.’ मग हे गाडी सुरू करायचे. मला वाटायचं, रीत म्हणून विचारतात.”

मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. त्यांना कंजूष म्हणाले होते मी, तोंडावर, दोनदा. आणि त्यांनी नुसता गिअर बदलला होता. आठवण करून द्यायला काय झालं होतं त्यांना? आक्का, ते काढू का, एवढे चार शब्द. पण नाही. आठवण करून दिली तर ते मागितल्यासारखं होईल. तिनं सांगितलं पाहिजे, आपण विचारायचं ते फक्त काही राहिलंय का. मंचरच्या बाजारात कासरा धरून उभा राहिलेला माणूस तो. माझी छाती बरी झाली, माझं लग्न झालं, माझे केस पांढरे व्हायला लागले, आणि हे ओला पंचा मानेवर टाकून तिच्या सांगण्याची वाट बघत राहिले.

आईनं तो तुकडा रॉकेलनं डांबर सोडवून धुतला, दोन दिवस गच्चीत वाळवला. त्याचा वास पुरता गेला नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो.

आई पुढे बसली, पदर खोचून. मी झाकण उघडलं आणि तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवून रस्त्याकडे बघत राहिले. मंचर गेलं. घोडेगावच्या अलीकडची ती जागा आली, जिथे ती मागच्या खेपेला बसली होती. तिथे तिनं पिशवीतून डबा काढला आणि मला विचारलं, “चकली खातेस?” माझ्या जिवात जीव आला. डिंभ्याच्या पाण्याच्या कडेनं जाताना तर ती बोलायलाच लागली. या वळणावर जीप रुतली होती, त्या झाडाखाली आपण भाकरी खाल्ली, इथे रस्ताच नव्हता, दगडांवरून जायचो. काचेखालून येणाऱ्या वाऱ्यानं तिचे पांढरे केस सुटून डोळ्यांवर येत होते आणि ते ती बाजूलाही करत नव्हती. पन्नाशीकडे झुकलेल्या मला तिचा तो चेहरा नवीन होता. वडिलांना तो पाठ असणार.

देवराईची झाडी दिसायला लागली, मग आहुपे आलं. मावशी ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती, अगदी लहानशी झालेली. आई तिच्यासमोर बसली, तिचे हात हातात घेतले. “आक्का, ओळखलं का?” मावशी म्हणाली, “बाई, शाळा सुटली का?” आणि हसली. ती गंमत करत होती की खरंच विचारत होती, ते कळलं नाही. आईनं घोंगडीचा तुकडा तिच्या मांडीवर ठेवला. मावशीनं तो चाचपला, गुडघ्यांवर ओढून घेतला. दुपारभर दोघी तशाच बसून होत्या. काय बोलत होत्या, मी ऐकलं नाही. नातवानं चहा दिला, मी तो पडवीत बसून प्याले आणि आईला इथे आणता आलं, म्हणून कितीतरी दिवसांनी मला स्वतःबद्दल बरं वाटलं.

निघताना मावशी हट्टानं उठली. एका बाजूला नातू, एका बाजूला आई, अशी जीपपर्यंत आली. डोळ्यांना फार दिसत नव्हतं, पण हातांना गाडी आठवत असावी. तिनं बॉनेटवर हात ठेवला आणि चाचपत चाचपत काचेपाशी आणला. उघड्या झाकणाच्या कडेला बोटं लागली आणि तिथेच थांबली.

“ह्ये कुनी उघाडलं?”

आई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणाले, “मी, मावशी.”

“तुला कुनी सांगितलं?” आवाज बारीक होता, पण चांगलाच करडा.

शाळेत छडीसाठी हात पुढे करावा तशी मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. तिनं माझा दंड धरून मला वाकवलं आणि दुसऱ्या हाताचा तळवा माझ्या छातीवर पसरून ठेवला.

“मोटा स्वास घे.”

मी घेतला.

“आनखी. आता सोड.”

तिनं मान कलती केली आणि कानानं नाही, तळव्यानं ऐकत राहिली. तीन वेळा मला श्वास घ्यायला लावला.

“घुरघुर न्हाई,” ती म्हणाली. हात काढून तिनं तो पुन्हा झाकणावर ठेवला आणि म्हणाली, “काडलं तरी चालंल आता. तुज्या बापाला सांग.”

“सांगते,” मी म्हणाले, आणि आईला पुढच्या सीटवर चढायला हात दिला.